पाणपारख्याचा ओठ

पूर्वी समुद्रकाठच्या शंखवाट नावाच्या पट्टणात विजयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या खाडीचा पाणपारखी होऊन जन्मला होता. पाणपारखी म्हणजे काही मोठा अंमलदार नव्हे. एखाद्या वर्षी पावसाळा सरला की खाडीचे पाणी तांबडे व्हायचे, मासे मरून वर तरंगायचे, आणि त्या पाण्यातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, जो खाई त्याचे हातपाय लुळे पडायचे. अशा वेळी खाडीच्या मुखाशी काठीला तांबडे फडके बांधायचे आणि ते कधी उतरवायचे हे ठरवायचे, एवढेच त्याचे काम.

त्याची रीत अशी होती. रोज सकाळी एक तिसरी उघडायची, तिचे कच्चे मांस ओठावर ठेवायचे आणि पन्नास लाटा मोजायच्या. मुंग्या आल्या की थुंकायचे, चूळ भरायची आणि फडके तसेच ठेवायचे. मुंग्या आल्या नाहीत तर खाडी मोकळी. मात्र मोकळ्या खाडीतली पहिली पाटी पारख्याच्याच घरी शिजायची. पूर्वजांनी हे मोठ्या शहाणपणाने ठरवले होते. परक्याच्या जिवावर कोणी उदार होऊ नये.

त्या वर्षी खाडी तांबडी होऊन फडके चढले, आणि त्याच वेळी पारख्याची एकुलती एक लेक मेत्तिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिला डोहाळे लागले ते नेमके तिसऱ्यांच्या साराचे. बापाने चिंचा आणल्या, आवळे आणले, उसाची कांडी सोलून दिली. पण तिचे आपले एकच, सार. नऊ वर्षांची असताना आई गेलेली पोर ती. तिचे तोंड सुकले की बापाच्या घशाखाली घास उतरत नसे.

महिना गेला. पाणी पुन्हा निवळले. तिसऱ्या वेचून पोट भरणाऱ्या बायका रोज फडक्याखाली येऊन बसू लागल्या. त्यांची म्होरकी सामा म्हातारी, जिभेने तिखट आणि मनाने मऊ.

"पारख्या, पाण्यात माझी सुरकुती न् सुरकुती दिसतेय," ती म्हणाली. "आता कसली वाट बघतोस? घरात लेक झुरतेय. जरा बापासारखा वाग की!"

"पाणी निवळलं गं आजी, तिसऱ्यांचं पोट निवळायचंय. आत गेलेलं विष इतक्यात निघत नाही."

"बरं बाबा. तुझा ओठ काय म्हणतो ते उद्या ऐकू."

दुसऱ्या दिवशी त्याने तिसरी ओठावर ठेवली. पन्नास लाटा आल्या आणि गेल्या, पण मुंग्या आल्या नाहीत. तो हरखून गेला. त्याने फडक्याच्या गाठीला हातसुद्धा घातला, आणि तिथेच थबकला. आपल्या मनात होते नेमके तेच ओठाने सांगितले, याचीच त्याला शंका आली. तो तसाच घरी गेला, मिऱ्याचे दोन दाणे कुटले आणि पूड ओठावर चोळली. झोंबले नाही. आणखी चोळली. तरी काही नाही. महिनाभर रोज विष लावून लावून ओठच मेला होता.

मेत्तिकेने चुलीवर आधण ठेवले होते. "आणल्या, बाबा?"

"नाही गं. तिसऱ्या बऱ्या झाल्यात की माझा ओठ गेलाय, हेच मला कळेनासं झालंय."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. मग तिने आधण उतरवले. "राहू द्या मग. पण खाडीवर जाऊन सांगून या. बाया वाट बघत असतील."

तो गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझा ओठ बधिर झालाय. आता माझ्या शब्दावर खाडी सोडू नका."

एकच गलका झाला. कोणी हसले, कोणी चिडले. सामा पदर खोचून उठली. "सर बाजूला. आण ती तिसरी. आज माझा ओठ सांगेल."

पंधरावी लाट फुटली नाही तोच तिचा चेहरा पालटला. थू थू करीत तिने चूळ भरली.

"फडकं राहू दे," ती म्हणाली. "आणि काय रे मेल्या, एकट्यानंच कशाला ओठ जाळून घेतलास? आम्हाला काय ओठ दिले नाहीत?"

त्या दिवसापासून घरोघरी पाळी लागली, रोज नवा ओठ. अकराव्या दिवशी तिघींनी एकदम पारख केली, तिघींनाही मुंग्या आल्या नाहीत, आणि फडके उतरले. पहिली पाटी सामाने स्वतः डोक्यावरून पारख्याच्या घरी आणली.

मेत्तिकेने साराचा पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मग वाटी बापापुढे केली. ओठापाठोपाठ त्याची जीभही बधिर झाली होती; सार ऊन लागले, चव लागली नाही.

"कसं झालंय, बाबा?"

"मला कळत नाही गं. तूच सांग."

ती त्याला खेटून बसली. "आमसूल अंमळ जास्त पडलंय. मिरी मागून येते, घशात. तिसरी गोड आहे, अगदी आई करायची तशी." ती सांगत राहिली आणि तो एकेक घोट घेत राहिला. वाटी कधी रिकामी झाली ते त्याला कळले नाही.

एवढी पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता समोरच्या भिक्षूकडे पाहून हसले. पाणी निवळशंख दिसत असताना गाळायचे कशाला, म्हणून तो सकाळपासून कुरकुरत होता. शास्ता म्हणाले, "त्या वेळची मेत्तिका म्हणजे आज तुम्हाला भिक्षा वाढणारी उपासिका सुभगा. सामा म्हातारी म्हणजे, बाळा, तूच. जीभ अजून तशीच आहे, आणि मनही. पारखी मी होतो. आपल्याला हवी तशी साक्ष मिळाली की ती पुन्हा तपासावी, आणि आपला ओठ मेला असेल तर चारचौघांत तसे सांगावे. यालाच सत्यपारमिता म्हणतात."

भिक्षू उठला आणि गाळणे घेऊन पाण्याकडे गेला.