कुठल्या विहिरीचं पाणी?

गावच्या विहिरींचं पाणी प्रयोगशाळेत तपासून डॉक्टर खांबेटे ग्रामपंचायतीत आले. माणूस लाघवी, पण विद्वत्तेचा तोरा भारी. सरपंच हिराक्कांनी विचारलं, "कुठल्या विहिरीचं वाईट निघालं हो?"

"अहवाल आधी शास्त्रज्ञांच्या परिषदेत वाचायचाय. शिवाय क्लिष्ट आहे, आक्का. तुम्हाला समजायचा नाही."

आक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. उन्हातून आलेल्या डॉक्टरांनी तो उचलला, पण ओठांपाशी हात थबकला.

"आक्का, हे कुठल्या विहिरीचं?"

"क्लिष्ट आहे हो," आक्का मायेनं म्हणाल्या, "तुम्हाला समजायचं नाही."

डॉक्टर खो खो हसले. उठले आणि वाईट विहिरींची नावं फळ्यावर ठळक लिहून मोकळे झाले.

"आता प्या बिनघोर," आक्का म्हणाल्या. "तुमच्याच गाडीतल्या बाटलीतलं आहे."