घोडा का उधळला?

शाळेच्या दुसऱ्या दिवशी मुली येतील, असं द्वारकेला वाटलं होतं. आले दोन शिपाई, आणि त्यांनी दाराला कुलूप ठोकलं.

द्वारका वेळूगडच्या राजवाड्यातल्या माळ्याची लेक. सात वर्षं परमुलखात शिकून, इंग्रजी पदरात पाडून परत आली, ती गावात मुलींची शाळा काढायची म्हणूनच. आदल्या दिवशी ओसरी मुलींनी भरून गेली होती.

"आमचा गुन्हा काय?" तिने विचारलं.

"घोडा उधळवला," शिपाई म्हणाला.

"कुणी?"

"शाळेने."

द्वारका तडक दरबारात गेली. रणधीरराव महाराज दोन शाली पांघरून बसले होते. नाक लाल झालं होतं. शेजारी दिवाण आप्पाजीपंत उभे होते. त्यांना काही झालं नव्हतं.

"काल विलायतेचे पाहुणे, साहेब आणि मडम, आपल्याकडे आले," दिवाणजींनी खटला मांडला. "स्वारी तळ्याच्या काठाने निघाली. शाळेची घंटा वाजली, म्हणून घोडा उधळला. घोडा उधळला, म्हणून महाराज तळ्यात पडले. महाराज पडले, म्हणून मडम हसली! सगळ्याचं मूळ शाळा. शाळा बंद!"

"आणि ते कमळ?" महाराजांनी आठवण केली.

"हो. मग महाराज हातात कमळ घेऊन बाहेर आले."

महाराजांना खरी चिंता वेगळीच होती. वेळूगडची जुनी रीत होती. पाहुणा निघाला की त्याच्या मुक्कामाची हकिकत लिहून त्याच्या हाती द्यायची. खोटं घालायचं नाही, घडलेलं गाळायचं नाही. पणजोबांची शपथ! यंदा हकिकत इंग्रजीत हवी होती, आणि दिवाणजींनी ती लिहूनही टाकली होती. अडचण एवढीच, की इंग्रजीत वाक्यं जोडायला दिवाणजींना एकच शब्द येत होता. 'सो', म्हणजे 'म्हणून'. घंटा वाजली, सो घोडा उधळला, सो महाराज तळ्यात पडले, सो मडम हसली, सो महाराज हातात कमळ घेऊन बाहेर आले.

"हे वाचून सगळी विलायत हसेल!" महाराज म्हणाले आणि शिंकले. "पोरी, तू इंग्रजी शिकलीस ना? मग ऐक. यातली एकही घटना बदलायची नाही. गाळायची नाही. नवी घालायची नाही. मागची पुढे करायची नाही. आणि तरी माझी फजिती नाहीशी झाली पाहिजे! जमलं तर शाळा उघड. नाही जमलं, तर बापाबरोबर झाडांना पाणी घाल!"

दिवाणजी गालात हसले.

द्वारकेने लेखणी मागितली. कागदावरचे 'सो' तेवढे खोडले, वर काहीतरी लिहिलं आणि लेखणी परत केली.

"झालं, महाराज."

"इतक्यात?"

"जे घडलं, ते घडून गेलं. त्याला ब्रह्मदेवही हात लावू शकत नाही. पण मधले सांधे काल घडलेले नाहीत. ते दिवाणजींनी आज सकाळी घातलेत. ते काढता येतात."

"वाच!"

"घंटा वाजली अँड घोडा उधळला, बट महाराज तळ्यात पडले, अँड मडम हसली, बिकॉज महाराज हातात कमळ घेऊन बाहेर आले."

महाराजांनी बोटांवर घटना मोजल्या. सगळ्या होत्या.

"हा 'बट' इथे काय करतोय?"

"आपल्याला वाचवतोय, महाराज. घोडा उधळला की स्वार दगडावर आपटतो. आपण पाण्यात पडलात. 'पण' म्हटलं की ते नशीब ठरतं."

"वा! पण मडम खरंच कमळासाठी हसली?"

"ही हकिकत मडमच्याच हाती जायची आहे. चूक असेल तर ती कळवेल, की नाही हो, मी आपण पडलात म्हणून हसले. कळवेल?"

महाराजांनी विचार केला. "नाही कळवायची. पाहुणी आहे."

"महाराज, ही बनवाबनवी आहे!" दिवाणजी पुढे सरसावले. "घंटा वाजली आणि घोडा उधळला? नुसतं 'आणि'? अगं ए शहाणे, घंटा वाजली *म्हणून* उधळला! आधी घंटा, मग घोडा. आणखी काय पुरावा हवा?"

"आधी झालं, तेच कारण?"

"तेच!"

"बरं," द्वारका म्हणाली. "माझे बाबा काल तळ्याकाठी झाडांना पाणी घालत होते. दिवाणजी, घोड्याशेजारी तपकीर कोणी ओढली?"

दिवाणजींनी तपकिरीची डबी हळूच लपवली.

"यांनीच ओढली!" महाराज ताठ बसले. "आणि केवढ्यांदा शिंकले! माझ्या पागोट्यापर्यंत आलं!"

"केव्हा, महाराज?"

"घोडा उधळायच्या आधी!"

"म्हणजे दिवाणजी शिंकले, म्हणून घोडा उधळला," द्वारका शांतपणे म्हणाली. "घोडा उधळला, म्हणून महाराज—"

"खोटं! साफ खोटं!" दिवाणजींना घाम फुटला. "मी शिंकलो *आणि* घोडा उधळला! शिंकलो *म्हणून* नव्हे! *आणि*, महाराज, नुसतं *आणि*!"

आपण काय बोललो, ते दिवाणजींना जरा उशिरा कळलं.

महाराज आधी खोकले. मग हसले. एवढे हसले, की दोन्ही शाली खाली पडल्या.

"कुलूप काढा!" डोळे पुसत ते म्हणाले. "तळ्याकाठची बारादरी आजपासून मुलींच्या शाळेला दिली. खडू, पाट्या, सगळं खजिन्यातून. हकिकत हिने लिहिली तशीच जाऊ द्या. आणि दिवाणजी, तुम्ही उद्यापासून शाळेत जा. इंग्रजीतले बाकीचे शब्द शिकून या!"

"महाराज, मी? त्या पोरींच्यात?"

"मग घोड्याबरोबर पागेत पाठवू?"

दिवाणजी उद्यापासून जायला तयार झाले.

द्वारकेपुढे आता एकच प्रश्न उरला. दिवाणजी वयाने तिच्या आजोबांएवढे. त्यांना वर्गात हाक कशी मारायची? दिवाणजी म्हणावं, तर मुली उठून उभ्या राहतील. आप्पाजीपंत म्हणावं, तर एवढ्या आदराने धडा कसा विचारायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी बारादरीत मुली बसल्या. सर्वांत पुढे, मांडी घालून, दिवाणजी बसले. द्वारकेने सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि ठरवलं, की शाळेत सगळ्यांना एकाच रीतीने, नुसत्या नावाने हाक मारायची.

"कोंडू!"

"हजर, बाई!"

"सगुणा!"

"हजर, बाई!"

"आप्पा!"