चाकामागचा दगड

एका घाटाखालच्या गावात एक गाडीवान राहत होता. घाटावरच्या बाजारात गुळाच्या ढेपा पोहोचवायच्या, हा त्याचा धंदा. माणूस कष्टाळू, बैलांना जीव लावणारा.

घाटाची चढण मोठी अवघड. बैलांना धाप लागली की तिथले सगळेच गाडीवान गाडी थांबवत. ती मागे घरंगळू नये म्हणून चाकामागे मोठा दगड लावत, बैलांनी दम खाल्ला की पुढे निघत. दगड मात्र तिथेच, रस्त्यात पडून राही. तो उचलून कडेला ठेवायचा कंटाळा कोण करत नव्हतं?

एका सकाळी घाटात दाट धुकं उतरलं होतं. गाडीवानाने नेहमीच्या वळणावर दगड लावला, बैलांना थोपटलं आणि गाडी हाकली. दगड रस्त्याच्या मधोमध राहिला. जाताना त्याने तो पाहिलाही. 'एवढा मोठा आहे, दिसेलच की कुणाला,' असं म्हणून तो निघाला.

थोडं वर गेल्यावर समोरून एक कासारीण आली. छकड्यात बांगड्यांच्या पेट्या, कासरा तिच्याच हातात.

"ताई, खाली धुकं फार आहे हो. जपून जा!" गाडीवान म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत, दादा," ती हसून म्हणाली.

दगडाचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण 'मग काढला का नाहीत?' असं तिने विचारलं तर? त्याने बैलांना हाकललं आणि गाडी पुढे काढली.

थोड्याच वेळात खालून लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी.

गाडीवान धावत सुटला. छकडा आडवा झाला होता. रस्ताभर काचा विखुरल्या होत्या, आणि कासारीण उजवा हात पोटाशी धरून बसली होती. त्याने आपली गाडी वळवून खाली आणली, गुळाच्या ढेपा रस्त्याकडेला उतरवल्या, तिला आपल्या गाडीत घातलं आणि गावातल्या हाडवैद्याकडे आणलं.

वैद्याने हात बांधला. "हाड जुळेल," तो म्हणाला, "पण बोटं पहिल्यासारखी वळायची नाहीत. बांगड्या भरणं आता विसरा."

दारात माणसं जमली होती. "कोण मेला रस्त्यात दगड टाकून गेला!" एक म्हातारी म्हणाली, आणि गाडीवानाकडे वळून, "तू देवासारखा धावलास रे बाबा."

गाडीवानाला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कासारणीकडे गेला. "ताई, दगड माझा होता."

तिने बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "धुक्याचं सांगितलंत, दादा. दगडाचंही सांगायचं होतंत."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तिथून तो थेट गाडीतळावर गेला आणि सगळ्या गाडीवानांसमोर आपली चूक बोलला. कुणीच त्याला नावं ठेवली नाहीत. एकेकाची नजर खाली गेली. मग सगळे मिळून घाटात गेले. वळणावळणावर दगड पडले होते आणि कुठला कुणाचा, हे एकालाही सांगता येईना. संध्याकाळपर्यंत त्यांनी रस्ता मोकळा केला. पुढे प्रत्येकाने गाडीमागे दोरीने लाकडाचा ओंडका बांधला. थांबलं की तोच चाकामागे लागे आणि निघालं की गाडीबरोबरच जाई.

कासारणीचा हात मात्र पहिल्यासारखा झाला नाही.

तात्पर्य: रस्त्यावर आपण ठेवलेला धोका आपणच दूर करावा, अपघातानंतरची मदत आणि पश्चात्ताप दोन्ही उशिरा पोहोचतात.