आबांचं पोट आणि सोयाबीनचा चोथा

एका गावात एक भोळा जावई होता. नाव हणमंता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करी. पंचाईत तिथंच व्हायची.

एकदा त्याचे सासरे, आबा पैलवान, मुक्कामाला आले. पिळदार मिशा, भरदार छाती, पण पोट काही केल्या साफ होईना. घराबाहेर कुणाला कळू नये म्हणून बिचारे दार लावून कण्हत. दवाखान्यातल्या नर्सबाई लेकीला, अनुसयेला म्हणाल्या, "सोयाबीनचं दूध गाळलं की चोथा उरतो ना, तो भाकरीत घाला. तंतू असतात त्यात. पोट मोकळं होतं."

अनुसया नवऱ्याला म्हणाली, "अहो, वाटलेलं सोयाबीन गाळा. चोथा टाकू नका हं."

हणमंतानं गाळलं. चोथा ठेवला. दूध मोरीत ओतलं.

"दूध कुठंय?"

"चोथ्याचं सांगितलंस. दुधाचं कुठं बोललीस?"

अनुसयेनं कपाळाला हात लावला. "गाळलं की दोन्ही ठेवायचं असतं!"

हणमंताला पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चहा गाळला. दोन्ही ठेवलं. चहा आबांना दिला, चोथा भाकरीच्या पिठात मळला. आबांनी एक घास घेतला आणि अंगणभर थुंकत सुटले.

"अहो, चहाचा चोथा झाडाच्या बुडाशी टाकतात!"

"एवढंच ना!"

मग सोयाबीनचा ताजा चोथा कढीपत्त्याच्या बुडाशी गेला. शेजारच्या शेळीनं तो फस्त केला. तिचं पोट लगेच साफ झालं. तेही ओट्यावर.

अनुसया कडाडली, "टाकण्याआधी मला विचारायचं तरी!"

"विचारलं की. तू गिरणीत होतीस. ऐकू गेलं नसेल."

"मग मोठ्यानं बोलायचं! पार मागच्या गल्लीत ऐकू जाईल असं!"

हणमंतानं हेही मनात पक्कं केलं.

त्यानंतर अनुसयेनं चोथा कुणाच्या हाती दिला नाही. स्वतःच भाकऱ्या थापल्या. आबा त्या खात, वर तांब्याभर पाणी पीत. अशात शाळेनं आबांना बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून बोलावलं. आबा अडून बसले. "पोट मोकळं झाल्याशिवाय मी फेटा बांधायचा नाही."

अनुसया पुढं निघाली. हणमंताला म्हणाली, "आबांचं पोट साफ झालं की मला येऊन सांगा. मग गुरुजींना सुरू करायला सांगते."

थोड्या वेळानं आबा परसाकडून हसत आले. चोथ्यानं काम केलं होतं. ते फेटा बांधायला बसले आणि हणमंता शाळेकडं धावला.

मांडवात सगळं गाव, मंचाशेजारी बँडवाले तयारीत. अनुसया बायकांच्या घोळक्यात, पार पलीकडं. इथून हळू बोलून काय ऐकू जाणार? हणमंता सरळ मंचावर चढला. माइक धरला.

"अनुसये! आबांचं पोट साफ झालं! एकदम मोकळं! सुरू करा!"

बँडवाल्यांना शेवटचे दोन शब्द पुरले. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. नेमका त्याच वेळी, फेट्याचा तुरा सावरत, आबांनी मांडवात पाय ठेवला. सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

अनुसयेनं पदरात तोंड लपवलं. हणमंतानं माइक पुन्हा तोंडाशी नेला.

"मागच्या गल्लीत ऐकू आलं का?"