कापसाचे बोळे

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असे मला बजावले होते. लोक हसतील म्हणे. पण मला राहवत नाही, म्हणून नावे गाळून सांगते.

एकदा एक वृद्ध संगीतशिक्षक होते. ते विद्यापीठात शिकवत आणि तिथल्या मोठ्या वाद्यवृंदाचे संचालनही करत. निवृत्तीची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या शिष्येला पुढे केले. विद्यापीठाने अट घातली : येणारा कार्यक्रम तिने पेलला तर वाद्यवृंद तिच्या हाती, नाहीतर तो कायमचा बंद.

शेवटची तालीम सुरू झाली. शिष्येचा कान विलक्षण तीक्ष्ण होता; मागच्या रांगेतली एक तार उतरली तरी तिला कळे. पण ती हात हलवू लागली की द्रुत रचना हळूहळू मंदावत जाई आणि अखेरीस पार रेंगाळे. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच.

"बाई, घाट लागला वाटतं!" ट्रम्पेटवाले काका म्हणाले. सगळे हसले.

"तुम्हीच मागे पडताय," ती रडवेली होऊन म्हणाली.

"आम्ही तर तुमच्या हाताकडे बघूनच वाजवतोय," व्हायोलिनवाल्या बाई फणकारल्या.

तेव्हा वृद्ध शिक्षक उठले. त्यांनी खिशातून कापूस काढला आणि त्याचे दोन बोळे वळले.

"कान पुढे कर."

"सर! उद्या कार्यक्रम आहे."

"म्हणूनच तर."

त्यांनी तिच्या दोन्ही कानांत बोळे घट्ट बसवले आणि सुरू कर, अशी खूण केली.

सूर जुळवणारी वाद्ये आता शेजारच्या घरातल्यासारखी पुसट झाली होती. मनातली लय तेवढी उरली. तिने खोल श्वास घेतला आणि तिच्याबरोबर साऱ्या वादकांनी घेतला! तिचा हात खाली आला, व्हायोलिनचे गज एकदम उसळले, पायाखालच्या फळ्या थरथरू लागल्या. रचना शेवटपर्यंत सुसाट गेली. काका टाळ्या वाजवत होते, आणि ती नुसती त्यांच्या हातांकडे बघत होती.

शिक्षकांनी बोळे काढले.

"तू सूर ऐकून मग हात हलवत होतीस, आणि ते तुझा हात बघून वाजवत होते. तू त्यांची वाट पाहायचीस, ते तुझी. दोघंही भले, पण संगीत पुढे जाणार कसं?"

"मग मी ऐकायचंच नाही का, सर?"

"सगळं ऐक. ऐकून पुढचं ठरव. पण जे वाजून गेलं, त्याला आता हात दाखवून काय उपयोग, बाळ?"

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरले होते. तिचे कान मोकळे होते. व्हायोलिनचा पहिला गोड सूर आला आणि हात क्षणभर अडखळला. मग तो पुढे गेला, आणि सगळी वाद्ये त्याच्यामागून धावली. शेवटी लोक उभेच राहिले! कुलगुरूंनी तिथेच जाहीर केले : वाद्यवृंद चालू राहील, याच बाईंच्या हाताखाली. खाली वाकून तिने सरांना नमस्कार केला.

मला वाटते, आपणही असेच एकमेकांची वाट पाहतो. वर्गात मला उत्तर येत असते, तरी दुसरे कुणी बोलेल म्हणून मी थांबते, आणि बाकीच्याही तशाच थांबलेल्या असतात. उद्या मात्र बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्यांच्या आधी मी...

"ऋजुता! अगं, पानं वाढलीत, येतेस ना?"

आले, आई! तर उद्या मी...