झेंडूचा शेंडा

झाडांची बोली माणसांना कळायची, तेव्हाची गोष्ट. यमुताई गावच्या बागेत मोठ्या माणसांना हौसेनं बागकाम शिकवायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "आज झेंडूचे शेंडे खुडायचे."

वाफ्यातली रोपं चळाचळा कापू लागली. शेंडा गेला म्हणजे जीवच गेला, असं त्यांना वाटलं. सगळ्यात उंच रोप शिकाऊ गजाबांच्या बोटाला बिलगलं. "नका हो! मी मरेन!"

गजाबांनाही ते खरं वाटलं. त्यांनी त्याला हळूच शेजारच्या पानांआड लपवलं आणि म्हणाले, "खुडला, ताई."

पुढे बाकीच्या रोपांना चहूबाजूंनी फुटवे आले आणि ती कळ्यांनी लगडली. हे एकटं मात्र काडीसारखं उंच वाढलं आणि पहिल्याच वावटळीत मोडून पडलं. पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "मला काही कळत नव्हतं, म्हणून मी घाबरलो. तुम्ही तर शिकायला आला होतात ना?"



नव्या वाफ्यात पुन्हा एक रोप "नका हो!" म्हणून रडू लागलं.  तरी गजाबांनी शेंडा दोन नखांत धरला, आणि खुडला.