उपरण्याखालचा सौदा

सांगा बरं मंडळी, विश्वास कोणावर ठेवावा? जो तोंडावर वाहवा करतो त्याच्यावर, की जो भर चौकात आपल्याविरुद्ध उभा राहतो त्याच्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. घाईत घेतलेला माल घरी गेल्यावरच कळतो. आधी गोष्ट ऐका.

फार पूर्वी नदीकाठी एक बाजारपेठ होती. तिथे एक गुळाचा व्यापारी आणि एक तांबट समोरासमोर दुकान मांडून बसत. व्यापाऱ्याला सगळे गूळशेट म्हणत. तांबट तांब्याची भांडी घडवायचा. सकाळी त्याच्या हातोडीचा ठोका ऐकू आला की गूळशेट दुकानाच्या फळ्या काढायचे. दोघांचं पान एकाच डब्यातलं.

त्या पेठेची एक रीत होती. भाव कधी तोंडानं सांगायचा नाही. घेणारा आणि देणारा एका उपरण्याखाली हात घालत आणि बोटांनी बोलत. बोटं धरली की भाव, मूठ मिटली की सगळा माल, आणि तळहातात अंगठा रुतवला की, 'सांभाळ, माल आतून बिघडलाय.' वर तोंडानं माणसं हव्या त्या थापा मारत. पण उपरण्याखाली खोटं चालत नसे. एकदा एका सौदागरानं लंगडा घोडा उपरण्याखाली धडधाकट म्हणून खपवला. पुढे त्याच्या हातात हात द्यायला कोणी तयार होईना. शेवटी परत आलेल्या त्याच घोड्यावर बसून तो पेठ सोडून गेला. फार लांब गेला नसेल म्हणा.

तर एका वर्षी पेठेचा कारभारी निवडायची, म्हणजे कारभाराचं पागोटं कोणाच्या डोक्यावर बांधायचं ते ठरवायची वेळ आली. दोन रांजण ठेवायचे, ज्याला जो हवा त्याच्या रांजणात खडा टाकायचा, एवढी सोपी रीत. उभे राहिले नेमके हे दोघे. सुरुवातीला हसतखेळत चाललं होतं. मग माणसं गोळा झाली, हलगी आली, आणि जिभेला धार आली. गूळशेट चौकात म्हणाले, तांबटाचं सगळं काम बाहेरून चकचकीत, आत कल्हईचा पत्ता नाही. तांबट म्हणाला, शेटच्या जिभेवर गूळ, पण ढेपेत माती. लोक पोट धरून हसले. हे दोघे मात्र हसले नाहीत. पानाचा डबा बंद झाला. संक्रांतीला तिळगूळसुद्धा रस्ता ओलांडून गेला नाही.

तांबट निवडून आला.

त्यानं कबूल केलं होतं की जिंकलो तर नवं तपेलं घडवीन आणि सगळ्या पेठेला जेवू घालीन. शब्दाप्रमाणे त्यानं कमरेइतक्या उंचीचं तपेलं घडवलं. पण कल्हई लावायच्या दिवशी मिरवणूक निघाली, म्हणून ते काम त्यानं कारखान्यातल्या माणसांवर सोडलं. माणसं उत्साही. त्यांनी तपेलं बाहेरून असं घासलं की त्यात बघून मिशी विंचरावी. आंबट तांब्याला लागून बिघडू नये म्हणून आतून द्यायची कथलाची कल्हई मात्र निम्म्यापर्यंतच चढवली. आमटी निम्म्यावर कशाला जातेय, असा त्यांचा हिशेब.

जेवणाच्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरूनही माणसं लोटली. माणसं वाढली तशी आमटी वाढली, आणि सकाळपासून ती काठोकाठ रटरटत राहिली. आमटी चिंच-गुळाची. गूळ अर्थातच गूळशेटच्या दुकानातला, कारण त्या पेठेत दुसरा गूळच नव्हता.

शेटना यायचं नव्हतं. पण आपला गूळ कमी पडला तर नाव आपलं जाईल, म्हणून ते पाहायला आले आणि सवयीनं पळीतला थेंब जिभेवर ठेवला. चव लागताच ते थबकले. चिंच तांब्याला भिडली होती. आमटी कळकली होती. वाकून पाहिलं तर तपेल्याच्या वरच्या कडेला हिरवट झाक.

शेजारी त्यांच्याच बाजूचा एक हळदीचा व्यापारी उभा होता. शेटचा चेहरा पाहून त्यानंही थेंब चाखला आणि डोळे बारीक केले. हळूच म्हणाला, "शेट, आज फक्त गप्प बसा. चार माणसं ओकतील, कोणी मरत नाही. उद्या पागोटं आपलंच."

खोटं कशाला सांगू, शेटचं मन क्षणभर त्या पागोट्यापर्यंत जाऊन आलं. तेवढ्यात त्यांची नजर पंगतीवर गेली. पत्रावळी मांडल्या होत्या आणि पुढच्या ओळीत पोरं भात टोकरत बसली होती. कोणाची, तर सगळ्यांची. त्यात त्यांची नात होती आणि तिच्या मांडीला मांडी लावून तांबटाचा नातू.

पण सांगायचं कसं? 'कल्हई नाही' म्हणून महिनाभर चौकात ओरडलेला माणूस आता तेच म्हणाला, तर लोक म्हणणार, हरलेला अजून रडतोय. जो शब्द आज लाखाचा होता, तो त्यांनी स्वतःच स्वस्तात उधळला होता. आणि पंगतीत मोठ्यानं बोलावं, तर तांबटाची आयुष्यभराची अब्रू जाणार.

शेटनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि थेट तांबटासमोर जाऊन उभे राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "शेट, ढेपा मोजायला आलात काय?" थोडं हसू पसरलं.

"तांबटराव," शेट म्हणाले, "एक सौदा राहिलाय आपला."

त्यांनी उपरणं पसरलं. तांबटानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि हात आत घातला. घट्टे पडलेला तो ओळखीचा हात शेटना कितीतरी दिवसांनी लागला. त्यांनी तळव्यात अंगठा रुतवला.

मग तांबटाच्या बोटांनी विचारलं, 'किती?'

शेटनी मूठ मिटली. सगळा माल.

तांबटानं हात काढला, तपेल्यापाशी जाऊन आत वाकून पाहिलं आणि पंगतीकडे वळला. "मंडळी, आमटीला कोणी हात लावू नका. माझ्या तपेल्याची कल्हई अपुरी राहिली. चूक माझी आहे, मी स्वतः बघायला हवं होतं."

त्याची माणसं उसळली. हा शेटचाच कावा, म्हणाली, ऐन पंगतीत पाय ओढतोय. तांबट शांतपणे म्हणाला, "तोंडानं आम्ही दोघंही पुष्कळ खोटं बोललो. पण या माणसाचा हात कधी खोटं बोलला नाही."

आमटी खड्ड्यात ओतली गेली. भात जुन्या, पक्क्या कल्हईच्या पातेल्यांत शिजला होता, तो चांगला होता. पण नुसता भात खाणार कसा? शेटनी वखार उघडली. ढेपा फुटल्या, घराघरांतून तुपाच्या लोट्या आल्या, आणि त्या दिवशी पेठ गरम भात, गूळ आणि तूप जेवली. आमटी सांडल्यावर पोरं टाळ्या पिटतात, असं जेवण मी तरी दुसरं ऐकलं नाही.

दोघं शेजारी बसले. तांबट घास कालवत म्हणाला, "कल्हई नाही म्हणाला होतात. खरं करून दाखवलं मी."

"आणि तुम्ही म्हणाला होतात ढेपेत माती," शेट म्हणाले. "तेवढं बघून खा."

दोघं इतके हसले की तांबटाला ठसका लागला. पाण्याचा तांब्या शेटनीच पुढे केला. तांब्या कोणी घडवलेला, ते सांगायला नकोच. जेवण झाल्यावर शेटनी पानाचा डबा उघडला.

पुढच्या निवडीला दोघं पुन्हा उभे राहिले आणि कडाडून भांडले. पण रांजणात पहिला खडा पडण्याआधी भर चौकात उपरण्याखाली हात मिळवले. तीच तिथली रीत झाली. खडे पडण्याआधी दोघांनी हात मिळवायचे, आणि जिंकलेल्यानं पुन्हा हरलेल्याच्या हातात हात देऊन मगच पागोटं बांधायचं. आत काय बोलणं होतं, ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

तात्पर्य: रांजण दोन असले तरी पंगत एकच असते; म्हणून भांडावं ते पंगतीत शेजारी बसता येईल एवढंच, आणि आपली चूक चारचौघांत न उगाळता हळूच कानी घालणाऱ्याला आपला म्हणावं, मग त्याचा खडा कुठल्याही रांजणात पडो.

आणि मंडळी, जाता जाता एवढं करा. आज घरी गेल्यावर मनातल्या मनात हिशेब मांडा. कोणी चिमटा काढला ते आपण विसरत नाहीच; कोणी वेळेवर अंगठा रुतवला, तेही त्याच्या नावावर जमा धरा. हिशेब चोख ठेवा, बाबांनो.